शिक्षक फिलिप राइस

घरीं ध्वनिक्षेपक बनवूं पाहणारे आमचे विद्यार्थी यंत्राची काळजी वाहतात आणि पेटीस क्षुल्लक लेखतात. त्यांच्यासाठीं आम्ही एका जर्मन शिक्षकाचें अल्प चरित्र देत आहों.

फिलिप राइस यांचा जन्म १८३४ सालीं गेल्नहाउझेन येथें एका पाववाल्याच्या घरीं झाला. बालपणींच आईबाप अंतरले. आजीनें त्यांस वाढविलें. फ्रँकफुर्टास रंगाच्या दुकानांत उमेदवारी करीत असतां त्यांनीं विज्ञानाचा अभ्यास चालविला, व १८५८ सालीं ते फ्रीड्रिक्सडॉर्फच्या आपल्या जुन्या शाळेंतच शिक्षक झाले.

तेथें त्यांनीं लांकडाचा कान कोरून त्यास पातळ पडदा बसविला. आवाजानें पडदा हाले, आणि विजेचा प्रवाह तुटे व जुळे. दुसऱ्या टोंकास विणकामाची सुई असून तिजभोंवतीं तारेचें वेटोळें होतें. प्रवाहासरशी सुई कंप पावे. परंतु तिचा नाद अगदींच क्षीण. त्यांनीं ती व्हायोलिनवर बसविली, आणि पोकळ लांकडानें नाद मोठा केला. पुढें व्हायोलिनच्या जागीं पेटी आली.

२६ ऑक्टोबर १८६१ रोजीं त्यांनीं फ्रँकफुर्टच्या पदार्थविज्ञान मंडळापुढें सुमारें ३०० फुटांवरून गाण्याचे सूर ऐकविले. शब्द मात्र अस्पष्टच राहिले, आणि विद्वानांनीं फारशी दाद दिली नाहीं. दुसऱ्यांचा आवाज दूर नेणाऱ्या या पुरुषाचा स्वतःचा आवाज क्षयानें हरपला. १४ जानेवारी १८७४ रोजीं, अवघ्या चाळिशींत, त्यांस देवाज्ञा झाली. दोन वर्षांनीं बेल यांनीं दूरध्वनीचें पेटंट मिळविलें.

आजच्या पेटीचें काम निराळें आहे: पडद्यामागील लहरींनीं पुढील लहरी मारूं नयेत म्हणून ती जाड व घट्ट जोडलेली असावी. तथापि पेटीवांचून नाद दुबळाच, हा राइस यांचा धडा विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. सुई व जुनें वाद्य यांवर त्यांनीं आरंभ केला. आपणही हातीं असेल त्यावर करावा.