विश्लेषण : गाडीचा सेल्फ लागत नाही, मग फ्यूज बदलून उपयोग का होत नाही? चार्ल्स केटरिंग यांनी मोटारीला वीज कशी दिली?

पेणच्या रामवाडीत मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला एखादी गाडी बंद पडली की मदतीला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सेल्फ लागतोय का? उत्तर नाही असे आले की दुसरा प्रश्न : फ्यूज पाहिला का? सेल्फ हा शब्द म्हणजे सेल्फ-स्टार्टर या नावाचा अर्धा तुकडा. मराठी चालकांच्या बोलण्यातून स्टार्टर गळून पडला आणि सेल्फ राहिला. हे यंत्र मोटारीत यशस्वीपणे बसवणाऱ्या अमेरिकी अभियंत्याचे नाव चार्ल्स केटरिंग.

गंमत अशी की वरच्या दोन प्रश्नांचा एकमेकांशी वाटतो तितका संबंध नाही. बहुतेक गाड्यांत सेल्फला फिरवणारा मुख्य प्रवाह डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधून जातच नाही. तो का जात नाही, याचे उत्तर केटरिंग यांनी ११५ वर्षांपूर्वी सोडवलेल्या एका कोड्यात आहे. ते कळले की फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ताही वेगळ्या नजरेने वाचता येतो.

केटरिंग कोण होते?

ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात २९ ऑगस्ट १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. डोळे लहानपणापासून कमजोर. वाचायला बसले की डोके दुखायचे. काही काळ शाळेत शिकवून ते कॉलेजात गेले, पण डोळ्यांमुळे शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले. मग टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम धरले आणि तिथेच मुकादम झाले. उन्हातान्हात खांब पुरण्याच्या या कामाने डोळ्यांना विश्रांती मिळाली, आणि तारांशी ओळख झाली ती कायमची. ओहायो स्टेट विद्यापीठात परत जाऊन त्यांनी १९०४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली.

पहिली मोठी नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत मिळाली. दुकानाच्या गल्ल्यावरचे हिशेबाचे यंत्र त्या काळी हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर बसवली. काम किरकोळ वाटेल, पण पुढचे सारे यातून निघाले. गल्ल्याचा खण उघडायला मोटरीला एक जोरदार झटका द्यावा लागतो आणि मग ती पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत स्वस्थ बसते. सतत चालणाऱ्या मोटरीचे नियम तिला लावायचे कारण नव्हते.

हॅण्डलची एवढी भीती का होती?

त्या वेळची मोटार पुढून हॅण्डल मारून चालू करावी लागे. भारतात अॅम्बेसेडर आणि फियाटसोबत हॅण्डल मिळत असे, त्यामुळे जुन्या चालकांना ते आठवत असेल. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरते आणि हॅण्डल हातावर उलटे येते. मनगट मोडणे ही नेहमीची दुखापत होती, जबडाही फुटायचा. ताकद नसलेल्याला गाडी चालवणेच अवघड होते.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. बायरन कार्टर या मोटार उत्पादकाने डेट्रॉइटमध्ये एका बाईची बंद पडलेली कॅडिलॅक चालू करून द्यायचा प्रयत्न केला, हॅण्डल जबड्यावर बसले आणि त्या जखमेतून त्यांचा मृत्यू झाला. त्या दुःखातून कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलँड यांनी केटरिंग यांना हॅण्डल घालवायला सांगितले, अशी ती गोष्ट. मात्र कार्टर यांचे निधन १९०८ मधले आणि सेल्फचे काम १९१० नंतरचे. त्यामुळे ती जशीच्या तशी घेता येत नाही. लीलँड यांना हॅण्डल नको होते, एवढे नक्की.

अशक्य मानलेली मोटर छोटी कशी झाली?

केटरिंग यांनी कॅश रजिस्टर कंपनीतले सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मोटारीच्या ठिणगीयंत्रणेवर काम सुरू केले होते. त्यातून १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी उभी राहिली आणि कॅडिलॅक तिची पहिली मोठी गिऱ्हाईक झाली. पुढचे काम सेल्फचे होते.

जाणकारांचे म्हणणे असे, की इंजिन फिरवू शकणारी विजेची मोटर जवळपास इंजिनाएवढी होईल आणि तिची बॅटरी गाडीत मावणार नाही. त्यांचे गणित चुकीचे नव्हते, पण ते दिवसभर चालणाऱ्या मोटरीचे होते. सेल्फला काही सेकंदच राबायचे असते. भाताचे पोते उचलून टेम्पोत टाकणारा हमाल ते दिवसभर डोक्यावर घेऊन फिरत नाही. छोट्या मोटरीतून तिला झेपेल त्याच्या कितीतरी पट प्रवाह काही सेकंद सोडला तर ती जळण्याआधी इंजिन चालू झालेले असते. गल्ल्याच्या खणाचा धडा इथे कामी आला.

फेब्रुवारी १९११ मध्ये हे यंत्र कॅडिलॅकमध्ये बसवून दाखवण्यात आले आणि १९१२ च्या मॉडेलवर ते विक्रीला आले. त्यात आणखी एक चलाखी होती. गाडी चालू झाली की तीच मोटर इंजिनाच्या जोरावर फिरून डायनामो बनायची आणि बॅटरी भरायची. चालू करताना २४ व्होल्ट, भरताना आणि दिव्यांसाठी ६ व्होल्ट अशी जोडणी होती. सुरुवात, ठिणगी आणि दिवे ही तिन्ही कामे एका व्यवस्थेत आली. आजही गाडीची वीज याच आराखड्यावर चालते, फक्त डायनामोच्या जागी ऑल्टरनेटर आला आणि व्होल्ट १२ झाले. मोठ्या ट्रक-बसमध्ये सहसा २४.

यात फ्यूज बॉक्स कुठे बसतो?

फ्यूज मोटारीपेक्षा जुना. घरोघरी वीज देताना एडिसन यांच्यासारख्यांनी तो आधीच वापरला होता. गाडीत दिव्यांमागून हॉर्न, वायपर, रेडिओ येत गेले तसतशी एका बॅटरीला अनेक फांद्या फुटल्या. प्रत्येक फांदीची तार ठरावीक प्रवाहच सोसते. शॉर्ट झाला तर तार तापून पेट घेण्याआधी तुटावी अशी मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा म्हणजे फ्यूज.

सेल्फ मात्र कारमध्येही शंभराहून अधिक अँपिअर खेचतो. त्यासाठी बॅटरीपासून बोटाएवढी जाड केबल थेट सेल्फपर्यंत जाते. फ्यूज बॉक्सचा संबंध आला तर किल्लीकडून सेल्फच्या सोलेनॉइडला हुकूम देणाऱ्या बारीक तारेपुरता आणि तिच्या रिलेपुरता.

म्हणून सेल्फ लागत नसेल तर फ्यूज उपसत बसण्याआधी हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले किंवा नुसती टकटक ऐकू आली, तर बॅटरी उतरली आहे, टर्मिनल सैल किंवा गंजलेले आहे, नाहीतर इंजिनाला जाणारी अर्थची केबल ढिली आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि आवाजच नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. अशा वेळी बारीक तार, रिले, तिचा फ्यूज आणि किल्लीचा स्विच पाहावा. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्किंग किंवा न्यूट्रलमध्ये आहे का, आणि काही नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबला आहे का, हेही.

झाकणावरचा तक्ता कसा वाचायचा?

गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती घेऊन टेम्पो निघतात ते भर पावसाचे दिवस. अशा वेळी वायपर थांबला तर बहुतेक जण आधी वायपरची मोटर गेली असे धरून चालतात. त्याआधी तक्ता पाहावा. आजच्या बहुतेक गाड्यांत फ्यूज बॉक्स दोन असतात : एक चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली, दुसरा बॉनेटखाली बॅटरीजवळ. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा ते छापलेले असते. झाकण हरवले असेल तर गाडीसोबतच्या पुस्तिकेत तोच आराखडा मिळतो. मॉडेल एकच असले तरी वर्षागणिक जागा बदलतात, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा तक्ता आपल्या गाडीला लावू नये.

तक्त्याचा खरा उपयोग फ्यूजची जागा शोधण्यापुरता नाही. त्यावरून एकत्र कोण कोण आहेत हे कळते. वायपरसोबत काचेवर पाणी मारणारा पंपही बंद असेल आणि दोघांचा फ्यूज एकच असेल, तर मोटरीवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. उलट एकाच फ्यूजवरचे बाकी सगळे चालू असेल, तर फ्यूज धडधाकट आहे आणि बिघाड त्या एका उपकरणात, त्याच्या स्विचमध्ये किंवा तारेत आहे. वेगवेगळ्या फ्यूजवरच्या पाच-सहा गोष्टी एकदम गेल्या, तर अडचण वरच्या मुख्य फ्यूजकडे किंवा अर्थकडे असण्याची शक्यता जास्त.

फ्यूज तपासताना तो उपटायचीही गरज नसते. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. किल्ली चालू ठेवून टेस्ट लॅम्पची चिमटी अर्थला लावावी आणि टोक दोन्ही ठिपक्यांना टेकवावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर फ्यूज उडाला. कुठेच लागला नाही तर वीज फ्यूजपर्यंतच येत नाही आणि तो बदलून काहीही होणार नाही. ट्रक-बसच्या २४ व्होल्टला कारचा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प वापरू नये. फ्यूज काढायचा झाला तर मात्र किल्ली बंद करूनच.

पात्यांचे रंगही नेमलेले आहेत : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. लालच्या जागी हिरवा बसवला की गाडी चालते, आणि धोका नेमका तिथे आहे. फ्यूजऐवजी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची सवय त्याहून वाईट. आता तुटणारी कमजोर जागा उरली नाही, त्यामुळे डॅशबोर्डमागची तार तापते. नवा फ्यूज लगेच पुन्हा उडत असेल तर शॉर्ट आहे. त्या फ्यूजवरची उपकरणे एकेक करून सोडवावीत. कोणते सोडल्यावर फ्यूज टिकतो ते पाहिले की गुन्हेगार सापडतो. बाहेरून बसवलेले फॉगलॅम्प, म्युझिक सिस्टीम आणि रिव्हर्सचा भोंगा यांच्या जोडण्या आधी पाहाव्यात. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातल्या तारांना हात लावू नये, ते काम सर्व्हिस सेंटरचे.

यशानंतर केटरिंग यांचे काय झाले?

१९१६ मध्ये डेल्को विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्सचा भाग झाली. १९२० ते १९४७ अशी २७ वर्षे केटरिंग त्या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या नावावर १८६ पेटंट आहेत. लवकर वाळणारा मोटारीचा रंग आणि रेल्वेला वाफेपासून सोडवणारे डिझेल इंजिन या कामांत त्यांचा हात होता. अपयशही मोठे होते. पाण्याऐवजी तांब्याच्या पंखांनी थंड होणारे इंजिन १९२३ मध्ये शेव्हर्लेत आले आणि विकलेल्या गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या.

त्यांच्या नावाला लागलेला खरा डाग मात्र पेट्रोलचा आहे. इंजिनातला ठोका थांबवण्यासाठी त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये शिशाचे संयुग शोधले. ते विकणाऱ्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले, तरी विक्री थोड्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. शिसे विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होते, त्यामुळे हे अजाणता झाले असे म्हणता येत नाही. भारतात शिशाचे पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. जगात ते वापरणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये. फ्रीजमधला फ्रीऑन वायूही केटरिंग यांच्या सांगण्यावरून मिजली यांनीच शोधला. ओझोनच्या थराला त्याने केलेली हानी पुढे कित्येक दशकांनी कळली.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन संस्थेला आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत त्यांचे नाव आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह कर्करोगाने गेल्या. केटरिंग यांचे निधन २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये झाले.

इलेक्ट्रिक गाडीत हे सगळे संपले का?

१९१२ च्या सुमारास अमेरिकेत विजेवरच्या मोटारी बऱ्यापैकी खपत. हॅण्डल मारावे लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण होता. सेल्फ आल्यावर पेट्रोलच्या गाडीलाही तो मिळाला आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. आता त्या परतल्या आहेत आणि त्यांना सेल्फ लागत नाही. तरी दिवे, हॉर्न, कुलपे आणि गाडीतला संगणक यांच्यासाठी बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी आणि तिचा फ्यूज बॉक्स असतोच. ही छोटी बॅटरी उतरली तर मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. त्या वेळी १२ व्होल्टच्या बाजूने तपास सुरू करावा आणि नारिंगी आवरणाच्या जाड केबलला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.