असईचा उतार

आपल्या जालना जिल्ह्यातील असईची लढाई पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते : २३ सप्टेंबर १८०३, वेलस्ली विजयी, शिंदे-भोसले पराभूत. त्या ओळीतला विजेता आर्थर वेलस्ली खरोखर केवढा, हा प्रश्न मला पडतो.

१७६९ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला हा मुलगा शाळेत सामान्यच होता. १७९७ मध्ये तो हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ गव्हर्नर जनरल झाला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या झाडीवर त्याने रात्री केलेला हल्ला अंगाशी आला. अंधारात सैन्याची दाणादाण उडाली. पण महिन्याभरात शहर पडले आणि ते अपयश झाकले गेले.

असईलाही चुका झाल्याच. शत्रू भोकरदनकडे आहे, या समजुतीने त्याने स्टीव्हन्सनची फौज वेगळ्या वाटेने धाडली आणि अवचित सारे मराठी सैन्य समोर ठाकले. केळणेला इथे उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे पाहून त्याने ताडले, की उतार असलाच पाहिजे. तो निघाला! पलीकडे शिंद्यांच्या कवायती पलटणींनी चपळाईने मोहरा फिरवला. इंग्रजांची उजवी फळी भरकटून थेट असईच्या तोफांच्या तोंडी गेली. त्यांची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. तरी दिवस वेलस्लीचा ठरला.

तर्क त्याचा होता, पण उतार नदीचा होता. पाणी खोल असते, तर याच धाडसाला आपण अविचार म्हटले असते. आणि २४ वर्षांच्या दौलतराव शिंद्यांच्या नादानपणाच्या कथा कदाचित कोणी सांगितल्याच नसत्या. त्यांच्या गोलंदाजांचे शौर्य मात्र दोन्ही निकालांत तेवढेच राहिले असते.

पुढे १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले, १८२८ मध्ये तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला, १८५२ मध्ये वारला. आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे विचारल्यावर त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले म्हणतात.

सदाशिवरावभाऊंनाही आपण १७६१ च्या पानिपतच्या निकालावरूनच जोखतो. मला वाटते, सेनापतीचा न्याय करताना निकालाचे पान क्षणभर झाकून ठेवावे आणि निर्णयाच्या घडीला त्याच्या हाती काय होते, एवढेच पाहावे.