महाभारताच्या संशोधनाचा उघडा हिशेब : डॉ. वि. सी. सुकथनकर

बीड, अंबाजोगाई, गेवराईकडून अभ्यासासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जाणाऱ्यांना तेथील आवारात निजामाच्या नावाचे अतिथिगृह दिसते. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी या वास्तूसाठी ५० हजार रुपये दिले होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या प्रकाशनासाठी १९३२ पासून ११ वर्षे दरसाल एक हजार रुपयांचे साह्यही त्यांनी मंजूर केले. बीड जिल्हा त्या काळी निजामाच्याच राज्यात होता आणि येथील शेतसारा हैदराबादच्याच तिजोरीत जमा होत असे. त्यामुळे पुण्यातील या महान ग्रंथकार्याशी बीडचे नाते अगदीच परके नाही.

निजामाचे हे साह्य आज सर्वांना ठाऊक आहे, याचे कारण ते कधी झाकले गेले नाही. अनेकांच्या पैशावर आणि अनेक देशांतील विद्वानांच्या साह्यावर उभ्या राहणाऱ्या कामात कोणी काय दिले, हे उघडपणे नोंदविण्याची शिस्त ज्यांनी घालून दिली, ते या आवृत्तीचे प्रमुख संपादक होते डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर.

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७ चा. मुंबईतील शिक्षणानंतर ते केंब्रिजला गेले आणि तेथे त्यांनी गणिताचा अभ्यास केला. पुढे त्यांचे मन संस्कृतकडे वळले व ते बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली दाखल झाले. शाकटायनाच्या व्याकरणावर त्यांनी प्रबंध लिहिला. हस्तलिखितांची पाठतुलना करून मूळ संहितेच्या जवळ कसे जावे, याची जर्मन पद्धती त्यांनी तेथे आत्मसात केली. गणिताने दिलेला काटेकोरपणा आणि बर्लिनने दिलेली पाठचिकित्सा यांचा संगम पुढे महाभारताच्या कामी आला. भारतात परतल्यावर काही वर्षे ते पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात होते. कोरीव लेखांचे वाचन आणि भासाच्या नाटकांचा अभ्यास ही त्यांची त्या काळातील कामगिरी होय.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, ही सूचना मूळची युरोपातील. मॉरित्स विंटरनित्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेत ती मांडली. ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुन्यादाखल थोडा मजकूर छापूनही दाखविला. मात्र पहिल्या महायुद्धाने युरोपातील अकादमींचे परस्परसंबंध तुटले आणि ती योजना मागे पडली. ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेने ते काम अंगावर घेतले. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ मध्ये एक लाख रुपयांचे अभिवचन दिले आणि १ एप्रिल १९१९ रोजी वयोवृद्ध डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कार्यारंभ झाला.

ऑगस्ट १९२५ मध्ये सुकथनकरांनी प्रमुख संपादकपदाची धुरा घेतली. काम अफाट होते. शारदा, नेवारी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील पोथ्या मिळवायच्या, ओळीला ओळ लावून पाठभेद नोंदवायचे आणि त्यांतून जुन्यात जुनी संहिता सिद्ध करायची, असे हे कार्य होते. काही पोथ्यांची तुलना पुण्यात, काहींची शांतिनिकेतनात, तर काहींची तंजावरला झाली. सभापर्वाचे संपादन अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे सोपविण्यात आले. पैसा औंधाहून, मुंबई सरकारकडून, बडोदे, म्हैसूर, हैदराबाद अशा संस्थानांतून येत होता.

एवढ्या हातांनी चाललेल्या कामात संशयाला जागा राहणे सोपे असते. इंग्रज सरकारचे अनुदान, निजामाची देणगी, जर्मन गुरू आणि अमेरिकी सहकारी यांपैकी कोणत्याही धाग्यावर बोट ठेवता आले असते. सुकथनकरांनी त्यावर सोपा पण कष्टाचा मार्ग पत्करला. १९३३ मध्ये आदिपर्वाचा खंड पूर्ण झाला तेव्हा त्याच्या दीर्घ प्रस्तावनेत त्यांनी योजनेचा युरोपातील उगम सांगितला, साह्यकर्त्यांचे ऋण नोंदविले आणि संहितेसाठी वापरलेल्या साठ हस्तलिखितांची माहिती दिली. स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठ छापले. संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याच्या हाती तो तपासण्याचे साधन त्याच पानावर होते.

हाच नियम त्यांनी टीकेलाही लावला. जर्मन अभ्यासक रूबेन यांच्या आक्षेपांना त्यांनी संस्थेच्या नियतकालिकातून जाहीर उत्तर दिले. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडील आदिपर्वाची अतिशय प्राचीन पोथी उजेडात आली. ती बाजूला ठेवणे शक्य होते. सुकथनकरांनी तिच्याशी आपलीच संहिता ताडून पाहिली आणि निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांचे बरेचसे निर्णय त्या पोथीने उचलून धरले.

१९४२ मध्ये त्यांनी संपादिलेले आरण्यकपर्व बाहेर पडले. मुंबई विद्यापीठाने महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्याने योजिली होती. चौथे व्याख्यान होण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ती व्याख्याने १९५७ मध्ये ग्रंथरूपाने आली. आवृत्तीचे काम डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आदींनी पुढे नेले आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पूर्तीचा सोहळा झाला. तोवर हैदराबाद संस्थान विलीन होऊन बीड महाराष्ट्रात आले होते.

उघडपणाची किंमतही मोजावी लागते. एका अमेरिकी अभ्यासकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकातील ऋणनिर्देशात भांडारकर संस्थेचे नाव होते. त्या पुस्तकावरून उसळलेल्या वादात ५ जानेवारी २००४ रोजी संस्थेवर हल्ला झाला आणि ग्रंथ व दुर्मीळ वस्तूंची नासधूस झाली. अशा घटनेनंतर परदेशी संबंध न बोलता ठेवावेत, असे एखाद्या संशोधकाला वाटले तर नवल नाही. पण लपविलेला संबंध उघड झाला की त्याची शिक्षा सबंध कामाला भोगावी लागते. नोंदविलेल्या संबंधाची निदान चर्चा तरी करता येते.

आज परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला केंद्रीय कायद्यानुसार नोंदणी वा पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि वार्षिक विवरण द्यावे लागते. संशोधन-अनुदानाच्या अर्जांतही इतरत्र मिळणाऱ्या निधीची माहिती मागितली जाते. बीड-अंबाजोगाईच्या महाविद्यालयांतील तरुण प्राध्यापकांना हे रकाने कटकटीचे वाटणे स्वाभाविक आहे. सुकथनकरांना असा रकाना कोणी भरायला लावला नव्हता. देणाऱ्याला आपला पैसा कशात गेला आणि वाचणाऱ्याला हा पाठ कोठून आला, हे कळले पाहिजे, एवढ्यासाठी त्यांनी तो आपणहून भरला. म्हणूनच त्यांच्या आवृत्तीशी मतभेद असणारेही वाद घालताना तीच आवृत्ती पुढे ठेवतात.