रक्तदाबाच्या गोळीतून मेंदूकडे

१९९० च्या सुमारास आम्ही दिंडोशीला राहायला आलो, तेव्हा खिडकीतून टेकडीवरचे जंगल दिसे आणि आई पहाटेपासून स्वयंपाकघरात काहीबाही गुणगुणत असे. पुढे तिचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी दिली. रक्तदाब उतरला, पण दोन-तीन महिन्यांत गुणगुणणेही थांबले. भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी आई तासन् तास खिडकीशी गप्प बसू लागली. आम्ही म्हटले, वय झाले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी गोळ्यांचे पाकीट उलटून पाहिले आणि गोळी बदलली. काही आठवड्यांनी आई भाजीवाल्यावर पुन्हा खेकसली.

पाकिटावर रेसर्पिन हे नाव होते. त्याचा माग काढत गेलो तो पोचलो आपल्याच मुंबईच्या एका पारशी डॉक्टरांपाशी. डॉ. रुस्तम जाल वकील.

वकिलांचा जन्म १९११ चा. केईएम रुग्णालयातले हे हृदयरोगतज्ज्ञ. गोलवालांसह त्यांनी लिहिलेले रुग्णतपासणीचे पुस्तक वैद्यकाच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी उशाशी घेतले असेल. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधच नव्हते. मीठ तोडा, विश्रांती घ्या, फार झाले तर शस्त्रक्रियेने नसा कापा! आपल्याकडे मात्र सर्पगंधेची मुळी होती. बिहारात ती वेडावरचे औषध म्हणून विकली जाई. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच ती वेड आणि रक्तदाब दोन्हींवर चालते असे लिहिले होते, पण बाहेर कोणी फारसे लक्ष दिले नाही. वकिलांनी ती रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ५० रुग्णांचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. माझ्या मते त्यांचे मोठेपण इथे आहे. मुळी नवी नव्हती, हिशेब नवा होता. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले.

पुढची गोष्ट वकिलांच्या हृदयातून निघून मेंदूत शिरते. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले, भडकलेले रुग्ण शांत झाले. उलट १९५४ मध्येच, रक्तदाबासाठी मोठ्या मात्रेत ते घेणारे काही जण खिन्न होतात, अशीही नोंद झाली. एकच गोळी दोन्हीकडे कशी पोचते? मज्जापेशी आपले रासायनिक निरोपे, म्हणजे नॉरअॅड्रिनलिन, सेरोटोनिन, डोपामिन, इवल्याशा पिशव्यांत साठवतात. रेसर्पिन या पिशव्या भरणारा पंपच बंद करते. उघड्यावर पडलेले निरोपे पेशीतच मोडून जातात. रक्तवाहिन्यांशी निरोपा उरला नाही की त्या सैलावतात, दाब उतरतो. मेंदूतही तोच दुष्काळ पडतो. बर्नार्ड ब्रोडी यांच्या चमूने १९५५ मध्ये सेरोटोनिनची घट दाखवली. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने गोठलेल्या सशांना डोपा टोचले, आणि काही मिनिटांत ससे हलू लागले. डोपामिन आणि हालचाल यांचे नाते तिथे उमगले. कंपवाताच्या उपचाराचा रस्ता तिथूनच फुटला. (हेच डोपा खाजकुइलीच्या बियांत असते. आमच्या टेकडीवर तिच्या शेंगा लोंबतात, पोरे अंग खाजवत घरी येतात.)

१९५७ चे लास्कर पारितोषिक वकिलांना रक्तदाबासाठी मिळाले आणि त्याच यादीत मनाच्या औषधांसाठी क्लाइनही होते. १९५८ मध्ये पद्मभूषण आले. १९७४ मध्ये वकील गेले. तोवर जखडलेले कंपवाताचे रुग्ण लेव्होडोपाने चालू लागले होते.

रेसर्पिन आणि नैराश्य यांचे नाते पूर्वी वाटले तितके सरळ नाही, असे आज अनेक अभ्यासक मानतात. म्हणून आईला त्या गोळीनेच गप्प केले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हे सारे मी तिला सांगितले तेव्हा तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की त्या सशांचे पुढे काय झाले.