भाऊ दाजींचे कडू तेल

भायखळ्याच्या संग्रहालयाला नाव असलेले डॉ. भाऊ दाजी लाड बहुतेकांना इतिहास संशोधक म्हणून ठाऊक आहेत. पोटापाण्याचा धंदा मात्र डॉक्टरकीचा होता आणि शेवटची काही वर्षे त्यांनी कुष्ठरोगाचा ध्यास घेतला होता.

१८२२ मध्ये गोव्यातल्या मांद्रे गावी त्यांचा जन्म झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. शिक्षण इंग्रजी वैद्यकाचे, तरी जुन्या ग्रंथांतली औषधे पारखून पाहायची त्यांना ओढ होती. १८६५ च्या शेअरच्या सट्ट्यात पैसा बुडाला, पण रुग्णसेवा चालू राहिली.

कुष्ठरोगाने नसा बधिर होतात. तळव्यात काटा रुतला तरी कळत नाही, रोगी त्याच जखमेवर चालत राहतो आणि ती वर्षानुवर्षे भरत नाही. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरकाचे तेल सांगितले आहे. हे झाड पश्चिम किनाऱ्याकडचे, मराठीत त्याला कडू कवठ म्हणतात. भाऊ दाजींनी याच जातीच्या बियांचे तेल रोग्यांना दिले. काहींना उतार पडल्याचा बोभाटा झाला, लांबून रोगी येऊ लागले.

औषध कोणते, हे मात्र त्यांनी गुप्त ठेवले. खात्री झाल्याशिवाय जाहीर न करण्यात सावधगिरी असेल, पण त्यामुळे इतरांना ते तपासता आले नाही, हा दोष उरतोच. पुढे अर्धांगवायू झाला आणि ३१ मे १८७४ रोजी ते गेले. औषधाचे नाव त्यांच्या मागे उघड झाले.

कुष्ठाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांना १८७३ मध्ये दिसला होता. तुवरकाच्या जातीची तेले पुढे जगभर वापरली गेली. पोटात घेतली की मळमळ व्हायची आणि गुणाचा भरवसा नसे. १९४० नंतर सल्फोन औषधे आली, तेल मागे पडले. आता बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली भागात आजही नवे कुष्ठरोगी सापडतात. गोळ्यांनी जंतू मरतो, पण फार दिवस बधिर झालेला तळवा बहुधा तसाच राहतो. अशा पायाची जखम नुसत्या तेला-मलमाने भरत नाही. तिच्यावरचा भार काढावा लागतो, ती स्वच्छ ठेवावी लागते आणि भरल्यावर मऊ रबराची चप्पल कायम वापरावी लागते. जखम चिघळली, वास येऊ लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.