रोषणगावचा पराभव आणि मलिक अंबर

सज्जनहो, कीर्तनाच्या निमित्ताने बदनापूरच्या बाजूला आमचे नेहमी जाणे-येणे असते. असेच एकदा रोषणगावच्या शिवारावरून चाललो होतो. बरोबर दोन टाळकरी पोरे. त्यातल्या एकाने सहज विचारले की, बुवा, इथे म्हणे फार मोठी लढाई झाली होती, ती कोणाकोणाची आणि जिंकले कोण? आम्हांला उत्तर देता येईना. पाठशाळेत बसून रघूचा दिग्विजय घोकला, कुरुक्षेत्रावरचा अठरा दिवसांचा हिशेब तोंडपाठ केला. पण पायाखालच्या काळ्या मातीत काय घडले ते ठाऊक नाही! त्या पोरापुढे लाजच वाटली. मग जाणत्यांना विचारले, ग्रंथ चाळले, आणि जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

ही लढाई झाली १६१६ सालच्या फेब्रुवारीत. एका बाजूला मोगल बादशहा जहांगीर याची फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर. जिंकले मोगल, हरला मलिक अंबर. एवढे सांगून उत्तर पुरे झाले असते. पण हा हरलेला माणूस कोण, कुठला, हे वाचीत गेलो तसे लक्षात आले की, त्याची कथा सांगितल्याशिवाय या उत्तराला अर्थ नाही.

मलिक अंबर हा हबसाणातला, म्हणजे आफ्रिकेतल्या आजच्या इथिओपिया देशातला. जन्म १५४८ च्या सुमाराचा. पाळण्यातले नाव चापू. पोरवयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला आणि बाजारात उभा राहिला. ज्या वयात आपली मुले आईच्या पदराआड लपतात, त्या वयात या पोराचे दात आणि दंड तपासून त्याचे मोल ठरत होते.

हा व्यापार कसा चाले ते आधी समजून घेतले पाहिजे. त्या काळी हिंदुस्थानचे सुती कापड हबसाणात फार खपे. तिकडून सोने येई, हस्तिदंत येई, आणि सांगायला जीभ अडखळते, पण माणसेही येत. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी मोखा नावाचे बंदर आहे, तिथे हा पोर विकला गेला. तिथून बगदाद. मोखा आणि बगदाद ही दोन्ही शहरे तेव्हा तुर्कांच्या बादशाहीत होती. बगदादेत मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला घेतले, त्याची बुद्धी पाहून त्याला लिहायला-वाचायला शिकविले, आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे एक सुगंधी द्रव्य. मुसलमानी धर्मही त्याला तिकडेच मिळाला. मग समुद्र ओलांडून तो दक्षिणेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. आणि नवल बघा, हा चंगेजखान स्वतःही हबशी, एके काळचा गुलामच! त्याच्या पदरी असे हजारभर हबशी होते.

इतक्या लांबून माणसे कशाला आणायची, असे कोणी विचारील. त्यामागे राजांचा एक हिशेब होता. दरबारात दख्खनी एका बाजूला, इराणातून आलेले परदेशी दुसऱ्या बाजूला. दोघांचे सदा वाकडे. तेव्हा ज्याला इथे भाऊबंद नाही, वतन नाही, तो धन्याशिवाय दुसऱ्या कोणाचा होणार नाही, असे सुलतानांना वाटे. इमान बाजारात विकत मिळते, असा तो हिशेब. मात्र इकडच्या गुलामीची रीत अशी की, धनी मेला किंवा राजी झाला म्हणजे शिपाई मोकळा होई आणि कर्तबगार असला तर सरदारही होई. १५७५ च्या सुमारास चंगेजखान मेला आणि त्याच्या बायकोने अंबरला मुक्त केले. वय पंचविशीच्या आसपास, हातात तलवार, आणि जगात आपले म्हणावे असे कोणी नाही!

पुढची वीसेक वर्षे तो हिंडता शिपाईगडी होता. विजापूरच्या चाकरीत त्याला मलिक हा किताब मिळाला. पण तिथे जम बसेना, म्हणून १५९५ साली सुमारे दीडशे स्वार घेऊन तो निजामशाहीत परतला. ती वेळ मोठी कठीण होती. अकबराचा मुलगा मुराद अहमदनगरला वेढा घालून बसला होता आणि आत चांदबिबी तट लढवीत होती. त्या वेळी शहर राहिले, पण वऱ्हाड गेला. १६०० साली चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली, किल्ला पडला, आणि बालराजा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. आमच्या पैठणचे नाथमहाराज याच्या आदल्याच वर्षी समाधिस्थ झाले होते. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर याच निजामशाहीच्या सेवेत होते. तेव्हा हे राज्य काही आपल्याला परके नव्हे.

राजधानी गेली, राजा गेला. लोक म्हणाले, राज्य बुडाले. मलिक अंबर तसे म्हणाला नाही. राजघराण्यातला एक वंशज शोधून त्याने परांड्याला त्याला गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. पुढे राजधानी जुन्नरला नेली, मग दौलताबादेला. फौज उभी केली. त्या काळी आलेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याच्या नोंदीप्रमाणे त्याच्याजवळ सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी लोक होते. त्या दख्खनी लोकांत आपले मराठे पुष्कळ. मोगलांची फौज म्हणजे चालते शहर: हत्ती, तोफा, तंबू, बाजारबुणगे. त्यांच्याशी समोरासमोर भिडायचे नाही. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात दिसेनासे व्हायचे. हलक्या घोड्यावर बसून, खुर्जीत भाकरी बांधून लढण्याची ही रीत मराठ्यांच्या अंगी होतीच. अंबरने तिचे शास्त्र केले. जहांगीर इतका चिडला की, आपल्या आत्मवृत्तात त्याने या हबशाला शिव्यांशिवाय संबोधिले नाही. अंबरचे मुंडके भाल्यावर टांगले आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे, असे चित्रही दरबारी चिताऱ्याने काढले. चित्रात मारले खरे. प्रत्यक्षात ते मुंडके बादशहाच्या हाती कधीच लागले नाही.

आता गुण सांगितले तसा दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर ते चरित्र नव्हे, भाटगिरी. एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे ते असे: सुलतानाच्या दुसऱ्या, इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणविले. सुलतानही अंबरवर उलटू पाहत होता. मग १६१० साली सुलतान आणि ती राणी दोघांनाही विषप्रयोग झाला आणि सुलतानाचे पाच वर्षांचे पोर गादीवर आले. हे वाचून कर्णाची आठवण होते. सूतपुत्र हा एक शब्द त्या थोर पुरुषाच्या काळजात जन्मभर सलत राहिला आणि त्याने त्याच्याकडून नको ते करविले. अंबरचेही तसेच म्हणावे लागेल. ते पाप ते पापच.

त्याच १६१० साली दौलताबादेजवळ खडकी नावाच्या गावी त्याने नवे शहर वसविले. नावाप्रमाणेच खडकाळ जागा, पाणी कुठले? उत्तरेच्या डोंगरातले पाणी जमिनीखालून खापरी नळांतून आणि बांधीव पाटांतून उताराने शहरात आणले. जागोजाग वर हवेची तोंडे ठेवली, हौद बांधले. मोट नाही, रहाट नाही. उताराच्या जोरावर पाणी आपले आपण चालते. ती नहर-ए-अंबरी. असे भुयारी पाट इराण-इराकाकडे फार जुने. बगदादेच्या बाजारातून आलेल्या पोराने तिकडची विद्या आपल्या खडकात रुजविली, असे म्हणायला हरकत नाही. १९७२ चा दुष्काळ आम्ही लहानपणी पाहिला आहे. हंड्यामागे हंडा लावून रात्र काढणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरे काम जमिनीचे. पूर्वी गावाचा वसूल इजाऱ्याने देत. जो जास्त बोली बोलेल त्याच्या हाती गाव. इजारदाराला काय, वर्षाभरात पिळून घ्यायचे आणि निघून जायचे! अंबरने ही चाल मोडली. जमिनीची पाहणी करून प्रत ठरविली, पिकाच्या मानाने वाटा धान्यात घेतला, आणि काही हंगामांचा अनुभव घेऊन मग रोख सारा बांधला. पाटील-कुळकर्ण्यांची मोडकळीला आलेली व्यवस्था पुन्हा उभी केली. मलिकंबरी धारा म्हणून ही पद्धत पुढे कितीतरी काळ लोकांच्या तोंडी राहिली.

आता रोषणगावाकडे येऊ. युद्धात नमत नाही म्हटल्यावर मोगलांनी थैल्या मोकळ्या केल्या. सिंदखेडचे लखुजीराव जाधव, याकूतखान, आदमखान असे अंबरचे नामांकित सरदार मोगल सेनापती शाहनवाजखानाला वऱ्हाडात बाळापूरला जाऊन मिळाले. हा शाहनवाज म्हणजे अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा. फौज निघाली ती रोषणगावाला येऊन ठेपली. याकूतखानाला इथली भुई ठाऊक. त्याने मोगलांना अशा जागी उभे केले की पुढे नाला आणि त्यात काळ्या मातीचा चिखल. काठाला तिरंदाज बसविले. अंबरचे जवान स्वार भरधाव आले आणि नाल्यात रुतले. ज्याने काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी हाकली आहे त्याला हे चित्र डोळ्यांपुढे दिसेल. रुतलेल्या घोड्यांवर बाणांचा वर्षाव झाला, मागून मोगलांची आघाडी तुटून पडली. अंबर दौलताबादेच्या आश्रयाला गेला. मोगल खडकीत शिरले आणि सहा वर्षांत उभे केलेले शहर त्यांनी काही दिवसांत जाळून-पाडून टाकले.

या ठिकाणी मन थबकते. ज्या माणसाला लोकांनी बाजारा-बाजारात विकले, त्याने स्वतःला मात्र कोणाला विकले नाही. आणि ज्यांची कुळे, वतने, गढ्या याच मातीत होत्या, ते किंमत येताच निघून गेले. तरी लखुजीरावांना दोष देताना जपून बोलावे. वतनदाराला वतन राखायचे असते, मागे शेकडो घरे असतात, आणि दोन बादशाह्यांच्या जात्यात तो भरडला जातो. पुढे तेच लखुजीराव निजामशाहीत परतले आणि १६२९ साली दौलताबादेच्या दरबारात मुलांसह दग्याने मारले गेले. ते जिजाऊंचे वडील. त्या माउलीने हे सारे पाहिले आणि सोसले. पण सुलतानांचा तो जुना हिशेब मात्र चुकला. इमान ना रक्ताने मिळते, ना रुपयाने.

मलिक अंबरचे वय तेव्हा सदुसष्ट-अडुसष्ट. आमच्याच वयाचा म्हणा ना. या वयात एक पावसाळा कीर्तने बंद राहिली तर आम्ही खचून जातो. तो खचला नाही. १६१७ साली शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, चालून आला तेव्हा त्याने मुलूख देऊन तह केला, आणि सवड मिळताच तो परत घेतला. १६२१ साली खडकी पुन्हा जाळली गेली; ती पुन्हा उभी राहिली. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर एक होऊन आले. अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळात चिखल केला आणि मग झडप घातली. रोषणगावचा चिखल तो विसरला नव्हता! त्या लढाईत शहाजीराजे आणि शरीफजीराजे हे भोसले बंधू त्याच्या बाजूने लढले. शरीफजीराजे तिथेच पडले. पुढे १६२६ च्या मे महिन्यात ऐंशीच्या घरात पोहोचलेला मलिक अंबर वारला. खुलताबादेला त्याची कबर आहे. तो मेल्यावर मोगलांच्याच बखरकाराने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळेपणाने वाखाणणी केली.

त्यानंतर दहा वर्षांत, १६३६ साली, निजामशाही संपली. खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, बादशाह्या गेल्या. ज्यांनी ते शहर दोनदा जाळले त्या मोगलांनाही पुढे तिथेच येऊन राहावे लागले आणि अंबरच्या नहरीचे पाणी प्यावे लागले.

तेव्हा त्या टाळकरी पोराला आमचे उत्तर असे. बाळा, रोषणगावला लढाई मोगलांनी जिंकली. हरला तो हबसाणातून विकत आणलेला एक माणूस, ज्याला इथे कोणी नात्याचे नव्हते. पण त्याने या मुलखाचे पाणी आणि जमीन यांची काळजी घेतली, आणि त्यातून तो या मुलखाचा झाला. जन्म कुठे व्हावा हे माणसाच्या हाती नसते. कोणत्या मातीसाठी झिजावे हे असते.

पुढच्या खेपेला त्या गावी कीर्तनाचा योग आला, तर निरूपणात हाच दृष्टांत घेऊ म्हणतो. असो.