रँग्लर परांजपे आणि लाकडी चमचा



भारतातल्या तुमच्या आजी-आजोबांसमोर 'रँग्लर' हा शब्द उच्चारून पाहा. ते लगेच 'परांजपे' म्हणतील. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना ही उपाधी अशी चिकटली की काहींना ते त्यांचे पाळण्यातले नावच वाटते. या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

परांजपे यांचा जन्म १८७६ साली कोकणात, दापोलीजवळच्या मुर्डी या लहानशा गावी झाला. पुढे महर्षी म्हणून प्रसिद्ध झालेले धोंडो केशव कर्वे हे नात्याने त्यांचे भाऊ. या हुशार मुलाला शिक्षणासाठी मुंबईला नेले ते कर्व्यांनीच. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून परांजपे मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत पहिले आले आणि १८९६ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

केंब्रिजची शिस्त विलक्षण होती. रात्री बाहेर पडायचे तर अंगावर काळा गाऊन हवा. 'प्रॉक्टर' नावाचे अधिकारी रस्त्याने गस्त घालत. त्यांच्या मागे उंच टोपी घातलेले दोन धावपटू असत, त्यांना मुले 'बुलडॉग' म्हणत. गाऊनविना सापडलात की दंड सहा शिलिंग आठ पेन्स! नदीवर होड्यांच्या शर्यती होत. सेंट जॉन्सच्या बोट क्लबचे लालभडक कोट निखाऱ्यासारखे दिसत, म्हणून त्यांना 'ब्लेझर' म्हणू लागले, असे सांगतात. तुमच्या शाळेतल्या ब्लेझरचे मूळ हे असे आहे.

पण सगळ्यांत मोठा सोहळा गणिताच्या 'ट्रायपॉस' परीक्षेच्या निकालाचा. पूर्वी ही परीक्षा तोंडी असे, लॅटिनमधून वाद घालावा लागे. म्हणून पहिल्या वर्गात येणारा तो 'रँग्लर', म्हणजे वाद घालणारा. वाद बंद झाले, पण शब्द राहिला. निकाल सेनेट हाऊसमध्ये वाचून दाखवीत, तोही पहिल्यापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत. पहिला तो 'सीनियर रँग्लर'. त्याची छायाचित्रे छापत, वर्तमानपत्रांत नाव झळकत असे. आणि पास झालेल्यांत जो शेवटचा, त्याच्यासमोर पदवीदानाच्या वेळी गॅलरीतून दोरीने एक भलामोठा लाकडी चमचा सोडत! हा चमचाही मुले वर्षानुवर्षे मोठ्या हौसेने बनवीत.

भारतातून गेलेले पहिले रँग्लर आनंदमोहन बोस, १८७४ सालचे. पण सीनियर रँग्लर कोणी भारतीय झाला नव्हता. १८९९ साली निकाल लागला तेव्हा पहिल्या स्थानावर दोन नावे बरोबरीने होती : जॉर्ज बर्टविसल आणि परांजपे. लॉर्ड केल्विन आणि मॅक्सवेल हे एवढे थोर शास्त्रज्ञ, पण आपापल्या वर्षी दोघेही दुसरे आले होते! (म्हणजे दुसरा नंबर आला म्हणून कोणी रडू नये, हे आम्ही पालकांनाही सांगतो.) खुद्द विद्यापीठालाही ही चढाओढ पुढे नकोशी झाली आणि १९०९ नंतर क्रमवार यादी लावणे बंद झाले. अखेरचा चमचा गेला तो सेंट जॉन्सच्याच एका विद्यार्थ्याकडे.

परांजपे यांना सेंट जॉन्सने फेलो निवडले. मोठ्या पगाराची सरकारी नोकरीही त्यांना अवघड नव्हती. ते मात्र पुण्याला परतले आणि १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांना पगार मिळे महिना ७५ रुपये. वीस वर्षांच्या आसपास त्यांनी ही जबाबदारी सांभाळली.

त्यांचे सगळेच निर्णय लोकांना आवडले असे नाही. १९०५ साली विनायक सावरकर या विद्यार्थ्याने पुण्यात परदेशी कपड्यांची होळी केली, तेव्हा परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. ते नेमस्त मताचे होते. आम्हाला ही शिक्षा कठोर वाटते आणि महाराष्ट्रात पुष्कळांनी ती कधीच विसरली नाही.

आणखी एक गोष्ट मुलींनी जरूर वाचावी. परांजपे केंब्रिजला शिकत असतानाच, मे १८९७ मध्ये, स्त्रियांना पदव्या द्याव्यात का यावर तिथे मतदान झाले. स्त्रिया परीक्षेला बसत, उत्तमही येत, पण पदवी नाही. विरोधकांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा सेनेट हाऊससमोर टांगला आणि प्रस्ताव दणकून हरला. इकडे १९१६ साली कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याचे कुलगुरुपद परांजपे यांनी स्वीकारले. पुढे ते मंत्री झाले, लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनरही झाले. १९६६ साली ते वारले.

त्यांची मुलगी शकुंतला हीदेखील केंब्रिजला गेली, न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजात. वडिलांचाच गणिताचा ट्रायपॉस तिने १९२९ साली पूर्ण केला. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी दिली ती त्यानंतर १९ वर्षांनी, १९४८ साली.